मागचा एक्सल कोणता बसवू

शहापूर, बुधवार, ११ फेब्रुवारी १९५९

आज थोडक्यात वाचलो.

मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंसाठी मी भंगारातले भाग जोडून गाडी बांधतोय. पाड्यांवरच्या बाळंतिणींकडे त्या एकट्याच जाणार, स्वतः चालवत. त्यांना वेग हवा म्हणून मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा नि त्यातले गिअर, मोटारीचा बसवला. टॉप गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे चारच फेरे. जुन्या जीपच्या एक्सलला साडेपाच लागतात. त्यावर गाडी रखडते, पण उतारावर इंजिन तिला धरून ठेवतं.

आज चाचणीला कसाऱ्याच्या घाटात बाई चालवत होत्या, मी शेजारी. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी सुटत चालली. ब्रेक तापले, पेडल पोकळ लागायला लागलं. मी स्टिअरिंग ओढून गाडी डोंगराच्या अंगाला घासली, तेव्हा कुठे थांबली. दरीकडे मी बघितलंच नाही.

बाई उतरल्या, पदर झटकला. म्हणाल्या, "ब्रेक नीट करा. एक्सल हाच राहू द्या. मागच्या महिन्यात बैलगाडीनं पोचले, तोवर बाळंतीण गेली होती."

त्या घाबरल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटते. घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या एकट्या असतील तवा स्टिअरिंग कोन ओढील?"

उद्या जीपचा एक्सल बसवतो. बाई रागावतील. पाड्यांच्या वाटाही अशाच उताराच्या. एखादीकडे उशीर झाला तर दोष माझा, हे इथे लिहून ठेवतो. पण बाई पोचतील.