कुंचले पुसायचं फडकं

भिवपुरी, मे १९४५, सोमवार, दिवेलागण

सुट्टीला घरी आल्यापासून पावरहाऊसमागचा डोंगर रंगवतोय. आज चित्र शेजारच्या सोनूकाकीला दाखवलं. तिच्यासारखी गोधडी गावात कुणी शिवत नाही, म्हणून तिचंच मत हवं होतं. तिने पाहिलं. "बरं हाय." आणि सुईत दोरा ओवायला लागली. बरं! महिना घातलाय मी त्यात.

चित्र ज्यात गुंडाळून नेलं होतं, ते कुंचले पुसायचं फडकं मात्र तिने उचललं. त्यावर निळ्या तैलरंगाचा एक फराटा आहे, कडेला तांबूस. गोधडीवर ते इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं, मग चक्क मधला शिवलेला तुकडा उसवून तिथे बसवलं.

लढाईपायी हल्ली कापड मिळत नाही, म्हणून असेल? पण मग उसवलं कशाला?

"काकी, घाण हाय ती."

"गप रं. ह्यो निळा बघ कसा पळतोय."

डोंगरालाही तोच निळा लावलाय. तिथे लावताना हात जपून, भीत भीत चालला होता. फडक्यावर कसली भीती?

"कुनी रंगवलं रं हे?" फराट्यावर बोट ठेवून तिने विचारलं.

मी, म्हणणार होतो. पण तो फराटा ओढताना मी तिकडे बघतसुद्धा नव्हतो.