दोन रेघांची बर्फी

२ नोव्हेंबर
आजोबा झालो. दीप्तीला मुलगी. बाळंतपण सासरी, खाप्याला केलं, कारण तिच्या मते आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरात मी असतो. नात थेट माझ्यावर गेली आहे. फोटोत डोळे मिटून विचार करते आहे.
दीप्तीचा फोनवर हुकूम: बाबा, नामकरण तेवीसले आहे. जो फ्लूची लस घेईन आन निघायच्या सकाळी घरी टेस्ट करून येईन, त्यालेच बाळ हातात भेटन.
संकल्प: बाळाला पाहुण्यांत सगळ्यात आधी मीच घेणार.

४ नोव्हेंबर
बायकोबरोबर दवाखान्यात. कौसल्याने आधी टोचून घेतलं, हूं की चूं नाही. माझा नंबर आला आणि स्कूटर चुकीच्या जागी लावल्याचं आठवलं. नीट लावायला गेलो, ती थेट घरीच नीट लागली.
विचारांती: घरात एकाने घेतली की दोघांना पुरते. एका मच्छरदाणीत दोघं झोपतातच की. दीप्तीने फोनवर विचारलं, झालं का? झालं म्हणालो. कौसल्याचं झालंच होतं. यात खोटं काय? संध्याकाळी परत जाऊन घेतली असं कौसल्याला सांगून दंडावर कापूस चिकटवला.

५ नोव्हेंबर
कौसल्या म्हणाली, काहून जी, कापूस काल डाव्या दंडावर होता न? लस अंगभर फिरते म्हणालो. सायन्स तिला कमी पडतं.

१६ नोव्हेंबर
मेडिकलमधून टेस्टच्या किट आणल्या. आज सराव परीक्षा. सूचनांचा कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. वाचायची गरज नाही. होळीच्या सुमारास दीप्तीच्या टेस्टवर दोन रेघा आल्या तेव्हा कौसल्या आनंदाने रडली होती, मी गल्लीभर पेढे वाटले होते. दोन रेघा म्हणजे गुड न्यूज. एवढं ज्ञान या घरात आहे.
नाकात काडी घातली. डोळ्यांतून पाणी. रेघ एकच. नापास.
कौसल्याचीही एकच. तिचं सांत्वन केलं, अजून वेळ आहे म्हटलं. ती म्हणाली, कायची वेळ जी? आणि बॅग भरायला लागली.

१७ नोव्हेंबर
कौसल्या नामकरणाच्या तयारीला खाप्याला गेली. रात्री ग्रुपवर फोटो: बाळ तिच्या मांडीवर. एका रेघेवर! याला वशिला म्हणतात. जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर
दुसरी रेघ आणायची तर ताकद वाढवली पाहिजे. शेजारच्या नत्थूजींबरोबर चौकात झणझणीत तर्री पोहे. ते खोकत होते. म्हणाले, मौसम बदलून राहिला गा लहानू. दोघांत एकच प्लेट घेतली. तर्रीपुढे विषाणू टिकत नाही.

२२ नोव्हेंबर
अंग गरम. घसा जळतो. ताकद कामाला लागलेली दिसते. कढई तापल्याशिवाय फोडणी बसत नाही. नवा सदरा इस्त्री केला. आरशासमोर उशी हातात घेऊन मान सांभाळायचा सराव केला. जमतं.

२३ नोव्हेंबर, सकाळी
दोन! दोन रेघा! दुसरी तर पहिलीपेक्षा ठळक. डिस्टिंक्शन.
धावत जाऊन संत्रा बर्फी आणली. शेजारच्या चार घरांत स्वतःच्या हाताने भरवली. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला: पास झालो, येऊन राहिलो.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
दीप्तीचा फोन. आधी ओरडली. बाबा, एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे तुम्हाले फ्लू झाला आहे. घराबाहेर पाय टाकू नका. मग लसीचं विचारलं. मी कापसाचं सांगायला लागलो तशी ती रडायला लागली. म्हणाली, तुम्हाले सुट्टी असते म्हणूनच आजचा रविवार धरला होता न.
फार वाईट वाटलं. दंड सलामत, पण हात रिकामे.
चारही घरांना फोन करून बर्फीबद्दल सांगितलं. नत्थूजी म्हणाले, मले काय सांगतं गा, मी तर परवापासून झोपून आहो, बर्फीबी पडूनच खाल्ली.

संध्याकाळी
व्हिडिओ कॉलवर नामकरण पाहिलं. इस्त्रीचा सदरा घालून, मास्क लावून बसलो, घरात कोणी नसताना. जावयाने, म्हणजे संघपालने, फोन बाळाजवळ नेला. तिने डोळे उघडले. खरंच माझ्यावर गेली आहे. दीप्ती वाकून नाव सांगायला लागली आणि नेमकी मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ. शिंका संपल्या तेव्हा टाळ्या चालू होत्या.
ग्रुपवर सगळे लिहीत आहेत, काय गोड नाव. नाव कोणीच लिहीत नाही. मीही लिहिलं: फार सुंदर, माझ्याही मनात हेच होतं.
दीप्तीने लगेच विचारलं, कोणतं बाबा?
फोन बंद करून ठेवला आहे. आजाऱ्याला विश्रांती लागते.