ताल कुणाचा सुटला

हट्ट्याजवळचा तांडा,
फेब्रुवारी २००६

प्रिय विजयकुमार,

'प्रिय' हात सवयीनं लिहून गेला, त्याचा अर्थ काढू नकोस. वसमतच्या तुझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मी कीबोर्ड वाजवला, तुझ्याशी लग्नाची स्वप्नंही पाहिली. मूर्खच होते मी!

तुझा जुना कीबोर्ड-कॉम्प्युटरचा सेट आमच्या प्रेमदासकाकानं घेतला, परवा मांडला. कॉम्प्युटरनं ठोका द्यायचा, कीबोर्डातल्या ढोलकीनं त्यावर चालायचं, एवढंच काम. पण ढोलकी मधेच धावायची, मधेच लंगडायची. वेगाचा आकडा एका जागी थांबेना. आमच्या होळीच्या गाण्यांच्या, लेंगीच्या रेकॉर्डिंगला झालं होतं अगदी तसंच. फक्त या वेळी खोलीत गाणारं कुणीच नव्हतं.

त्या दिवशी तांड्यावरच्या सगळ्या बायांसमोर तू माझ्या आईला म्हणालास, बाई, तुमचा ताल सुटतो, तुमच्यामुळं मशीनलाही तकलीफ होते. मिराबाईला! जिच्या लेंगीवर होळीला अख्खा तांडा नाचायचा, तिला! ती बायांना घेऊन निघून गेली. तू नांदेडहून गायिका आणून कॅसेट काढलीस.

काल तुझ्याकडं काम केलेला जळबा आला. त्यानं कीबोर्डातून कॉम्प्युटरकडं परत जाणारी मागची एक मिडीची वायर उपटली आणि ढोलकी बराबर चालू लागली. कॉम्प्युटरनं दिलेला ठोका कीबोर्ड त्या वायरीनं परत पाठवायचा, कॉम्प्युटर तोच पुन्हा पुढं ढकलायचा. ठोक्यावर ठोका चढायचा. तुला कसं ठाऊक, विचारलं, तर सहज बोलून गेला की बाया गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकाला सापडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी! आणि तू तोंड शिवून बसलास. काहून रे? तांड्यावरच्या बाईची माफी मागताना जीभ झडली असती?

दिपाचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलंय. सासरी निघताना नवरी रडत गाते तो निरोपाचा ढावलो आमच्यात आई नवरीला शिकवते. आई म्हणते, जिला ताल न्हाई तिनं लेकराला काय शिकवावं. त्या दिवसापासून ती एकाही होळीला गायली नाही. चारचौघांत केलेला अपमान आमच्याकडं चारचौघांतच धुवावा लागतो. रविवारी तांड्याच्या नायकाच्या दारात सगळे बसणार आहेत. ये, आणि उभा राहून सांग की चूक तुझ्या वायरीची होती. मी आईला अजून काही बोलले नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला लेकीची माया वाटेल. तुझ्यावर मात्र तिचा विश्वास आहे, विजयकुमार. तू त्या दिवशी बोललास ते तिनं आजवर खरं मानलंय.

आता तुझी नसलेली,
निता