मधल्या दोन रेघा

प्रिय दहा-अकरा,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्यावरून तिच्यापेक्षा जास्त मी कुरकुरतो, एवढंच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जे सांगायचंय ते सांगायला मला जरा वेळ लागणार आहे. आज गॅरेजला सुट्टी. शटर अर्धं ओढून तुझ्या जुन्या स्टुलावर बसलोय. याच स्टुलावर उभी राहून, सहा वर्षांची असताना, तू मला दहा-अकराचा पाना काढून द्यायचीस, डब्यात न बघता नुसता हात घालून. तेव्हा पडलेलं हे नाव. आता तू अख्खी इंजिनं उघडतेस, पण नाव काही बदलायचं नाही.

आपल्या आठ दिवसांच्या सफरीची गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगून झाली. शेजारच्या शिंप्याने परवा हात जोडले. म्हणाला, उस्ताद, ती खिंड मला आता पाठ झालीय. तरी मी पुन्हा सांगितली. का सांगू नये? चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चाकांना लागलेली डोंगरातली माती धुतली. लाल, करडी, एखादी चुन्यासारखी पांढरी. माती बघून मी सांगायचो की गिऱ्हाईक कुठल्या वाटेने आलं, आणि लोक चकित व्हायचे. पण त्यातली एक वाट मी डोळ्यांनी पाहिली असेल तर शपथ. त्या तू दाखवल्यास. भंगारातून उचललेली गाडी एका हिवाळ्यात उभी केलीस आणि त्रेसष्ट वर्षांच्या बापाला म्हणालीस, बसा मागे.

मागे बसायची मला कुठली सवय! पहिला दिवसभर प्रत्येक वळणावर मी हवेतच ब्रेक दाबत होतो. तुला ते कळत होतं, कारण तुझे खांदे हसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र पाय आपोआप सैल पडले. खाली नदी दोरीएवढी दिसायला लागली, उतारावर पिवळ्या फुलांचा नुसता पसारा, आणि भर उन्हाळ्यात समोर बर्फ. मी तुझ्या पाठीमागे बसून चक्क गाणं म्हटलं. हेल्मेटमुळे तुला ऐकू आलं नाही हे तुझं नशीब. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी मला पर्वतावर घेऊन चाललीय, या विचाराने छाती अशी फुगली होती की जाकिटाची चेन तुटते की काय.

चेन म्हटलं आणि आलोच मूळ मुद्द्यावर.

आईने मला सगळं सांगितलंय. सफरीच्या सहाव्या दिवशी आपण उतरलो होतो त्या घराच्या अंगणात एका माणसाची बंद पडलेली गाडी तू नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखून चालू केलीस, त्याने तुला कामाचं विचारलंय. बारा गाड्यांचा ताफा, उन्हाळाभर डोंगरात, आणि तू त्यांची मुख्य मेकॅनिक. गुरुवारपर्यंत उत्तर हवंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. कारणही आईने सांगितलं. ज्या मुलीच्या हातून स्वतःचे बाबा दरीत जाता जाता राहिले, तिने बारा जणांचे जीव कशाला हातात घ्यावेत, असं म्हणालीस म्हणे. आईने हे सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. तोच पेपर मी अजून वाचतोय.

तिसऱ्या दिवसाचा, खिंडीकडे जाणारा तो चढ आठव. खडी, खड्डे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वळणावर खाडकन आवाज झाला, चेन तुटली आणि गाडी मागे घरंगळायला लागली. तू ओरडली नाहीस. दोन्ही ब्रेक धरलेस, एक पाय जमिनीला रोवलास आणि म्हणालीस, बाबा, डोंगराच्या बाजूने उतरा, घाई नाही. घाई नाही! गिऱ्हाइकाला चहा पिऊन या म्हणावं तशा आवाजात. मी खाली उतरून चाकामागे दगड लावला, तो पहिल्यांदा निसटलाच. मग रस्त्याच्या कडेला बसून तू तुटलेली कडी काढलीस, नवी घातलीस, चेन सैल पडावी म्हणून चाकाच्या आसाजवळच्या रेघा मोजत चाक पुढे घेतलंस, आणि सामानासकट मला गाडीवर बसवून चेन दोन बोटांनी दाबून पाहिलीस. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दोन माणसं आणि सामान बसलं की गाडी मागून दबते आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून ती आधी सैल ठेवायची. मी आयुष्यभर शहरातल्या गाड्या रिकाम्या, स्टँडवर लावूनच ताणल्या.

तू वही काढून लिहिलंस आणि मान खाली घालून म्हणालीस, बाबा, माझं चुकलं, चेन मीच जास्त ताणली. आणि मी काय म्हणालो? होतं असं कधी कधी. वर तुझ्या पाठीवरून हात फिरवला, मोठ्या मनाने माफ केल्यासारखा.

ती वही आता उघड. निघायच्या आदल्या दिवसाच्या पानावर तुझ्या अक्षरात आहे: चेन, तिसरी रेघ. चढावरच्या पानावर आहे: चाक पाचव्या रेघेवर सापडलं, मोजताना चुकले. तू चुकली नव्हतीस. मधल्या दोन रेघा माझ्या आहेत. निघायच्या दिवशी पहाटे तू झोपली होतीस, मी अंगणात उतरलो, चेन लोंबताना दिसली आणि राहवलं नाही. तुझ्या प्रत्येक कामावर मागून माझा एक हात फिरतो हे तुला कधी कळलंच नाही. लहान होतीस तेव्हा ठीक होतं. पण तू मोठी झालीस आणि माझा हात काही थांबला नाही. भरवसा नव्हता असं नाही गं. तुला माझी गरज उरली नाही, हे मान्य करवत नव्हतं.

पाच आठवडे मी मूग गिळून गप्प बसलो. लाज वाटली म्हणून. उस्तादाची चूक शागिर्दाने रस्त्यात बसून दुरुस्त केली, हे कसं सांगायचं? पण काल एका गिऱ्हाइकाला मी बायकोसकट गाडीवर बसवलं, मगच चेन ताणली. ती दोघं माझ्याकडे वेड्यासारखं बघत होती. मी सांगितलं, माझी मुलगी असंच करते. ते बोललो आणि लाज कुठल्या कुठे गेली, गं. शिंप्याला आज सकाळी खिंडीची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी खरी. त्याला हीच जास्त आवडली.

म्हणून हे पत्र. गुरुवारच्या आत त्या माणसाला हो कळव. चढावर ज्या बाईने गाडी धरली, तिच्या हातात मी बाराच काय, शंभर गाड्या देईन. तू निघशील त्या सकाळी आई आणि मी निरोप द्यायला येऊ, आणि मी खिशात हात घालून लांब उभा राहीन. त्या पहाटे मी चाकाचा नट ज्याने पिळला होता तो चोवीसचा पाना या पार्सलात घातलाय. तुझ्याकडेच ठेव. इथे राहिला तर माझा काही भरवसा नाही.

तुझाच,
मागच्या सीटवरचा बाबा