एका ट्राउटचे दोन दावेदार

तीर्थस्वरूप विनीताईस,

धाकट्या आर्लनचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर जी वाजली, ती तिकडे तुझ्या ओमाहापर्यंत ऐकू आली असेल.) तुझा गुडघा कसा आहे? जिने टाळत जा. मी मात्र गेले तीन आठवडे गुडघ्यांवरच चालतोय.

हसू नकोस. यंदा उन्हाळा कोरडा गेला आणि आपली विलो क्रीक अशी आटलीय, की पाणी बहुतेक ठिकाणी घोट्याच्या वर जात नाही. शिवाय इतकं नितळ, की ट्राउटला काठावरच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता यावीत. उभा माणूस दिसला की मासा पसार, म्हणून पोटावर सरपटत जायचं. जुन्या पुलाखालच्या डोहात एक दांडगा ट्राउट आहे. रोज अकराच्या सुमारास वर येऊन चिलटं टिपतो. त्याच्यासाठी मी गळावर तांदळाच्या दाण्याएवढी पिसांची खोटी माशी बांधली होती (भिंग लावून, तीन तास, त्यातला एक तास ती गालिच्यात शोधण्यात गेला).

मंगळवारी चाळीस फूट सरपटायला मला पाऊण तास लागला. वाटेत एका गाईनं मला हुंगलं आणि नापसंत केलं. शेवटी दोर फेकला, माशी अलगद पाण्यावर उतरली, आणि तेवढ्यात समोरच्या काठावरून दुसरा दोर येऊन माझ्या दोरात गुंतला. पलीकडच्या गवतातून एक हिरवी टोपी वर आली.

"अहो, हा मासा माझा आहे," टोपी कुजबुजली. आवाज बाईचा.

"तीन आठवडे मी त्याच्या मागे आहे," मीही कुजबुजलो.

"मी चार!"

मासा अजून खात होता, त्यामुळे दोघांनाही ओरडायची सोय नव्हती. ताई, समोरच्याचं म्हणणं नीट कान देऊन ऐकावं लागेल असं भांडण मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. मग दोघंही रांगत डोहाच्या खालच्या उथळ पाण्यात आलो आणि तिथंच बसकण मारून गुंता सोडवू लागलो. बाईंचं नाव मार्गिट ओस्टबी. घोड्यांच्या डॉक्टर होत्या. निवृत्त होऊन पुलापलीकडे राहायला आल्यात. चष्मा घरी विसरलेल्या, म्हणून माझाच आळीपाळीनं वापरला. माझ्या दोराचं टोक कापावंच लागलं आणि माझी माशी वाहून गेली.

"टाका तुम्हीच," मी म्हणालो. (उदारपणा कसला, माझ्याकडे दुसरी माशीच नव्हती.)

"तुम्ही जाळी धरा. आणि कृपा करून शिंकू नका."

त्यांचा दोर डोहावर पडला. ट्राउट सावकाश वर आला, माशी घेतली, आणि जो उधळला तो थेट माझ्या दोन पायांमधून! मी जाळी घेऊन गर्रकन वळलो, शेवाळावरून घसरलो आणि जाळीसकट आडवा झालो. उठून बघतो तर मासा जाळीत. कसा, ते विचारू नकोस. मार्गिटला मी ते कौशल्य म्हणून सांगितलंय.

"अहो, सापडला!" ती (हो, आता 'ती'च) एवढ्यानं ओरडली की काठावरची गाय पळाली. तिनं ओल्या हातांनी गळ काढला, माशाला क्षणभर पाण्यात धरलं आणि सोडून दिलं. मग आम्ही कुडकुडत तिच्या थर्मासमधली कॉफी प्यालो आणि हकलबेरीची फळं भरून भाजलेला गोड 'पाय' बोटांनीच खाल्ला. माझी लॉर्ना गेल्याला चार वर्षं झाली ताई. तेव्हापासून मी असा हसलो नव्हतो. घरी येऊन चक्क रेडिओ लावला.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
आर्लन

ता. क. : आईची निळ्या खड्याची अंगठी तुझ्याकडेच आहे ना? जमल्यास पाठव. घाई नाही. या आठवड्यात पाठव.

आणखी एक : कुणाला बोलू नकोस. मार्गिटला मी अजून काहीच विचारलेलं नाही.

शेवटचं : हे पत्र टेबलावर उघडं टाकून मी दोघांसाठी कॉफी करायला आत गेलो होतो. मार्गिट म्हणतेय, तिची बोटं जाड आहेत, पाठवण्याआधी अंगठी जरा सैल करून घ्या.