साहेबीणबाई पोरांत बसल्या

शेळगाव, गुरुवार, १९९६

जीपमधनं पहिली उतरली ती बाईच, पुण्याच्या शिक्षण खात्याची. माझी सून सुनंदा हितल्या शाळेत शिकवती. तपासणी म्हणून ती सकाळपासनं फळाच पुसत हुती. मी रीतीपरमानं कोंबडं शिजवून डबा नेला. बघते तर साहेबीण जमिनीवर, पोरांत. चिंचोके मांडून हातचा शिकवत हुती. सरकारी माणूस जमिनीवर बसतं व्हय?

मी म्हणलं, "बाई, सुनंदाचा शेरा चांगला लिवा."

"आजी, शेरा लिहायला नाही, ताईंना शिकवण्यात मदत करायला आलेय."

आजवर साहेब जेवून, सही करून जायचं. ही जमिनीवरच. मग सुनंदानं शिकवलं, मधीच अडली, तर बाईंनी नुसता एक चिंचोका तिच्याकडं सरकवला, आन् तिला पुढचं सुचलं.

निघताना सुनंदाच म्हणाली, "भागाकार पोरांना कळंना, परत याल?"

बाई सोमवारी येत्यात.