बंधाऱ्याची चावी

अहो,

एवढा संसार झाला, तुमचं नाव कधी तोंडातून निघालं न्हाई. आता कागदावर तरी कसं निघंल? म्हणून नुसतं अहो.

लिहायचं कारण असं, की सोमवारी आपल्या पाणी सोसायटीची बैठक हाय आणि तुमी गेल्यापासनं तुमच्या जागेवर मी बसते. औंदा पाऊस न्हाई. थर्मलच्या वीजकेंद्राला पाणी पुरवणारं धरण आटलं. थर्मलचे साहेब येऊन गेले, म्हणले बंधाऱ्याचं दार उघडून पाणी खाली सोडा, फक्त या उन्हाळ्यापुरतं. मागच्या दुष्काळात हेच ऐकून आलतात ना तुमी?

सकाळी तोंड धुवायच्या आधी तुमी अंगणात जाऊन थर्मलची चिमणी बघायचात. धूर दिसला की मगच चहा. कोळसा उतरवण्यात उमर गेली तुमची. घरी आलात की कुरकुर सुरू, "रेल्वेच्या वाघिणीत कोळसा कमी, धोंडे जास्त. कुठल्या खाणीचा माल कुठं धाडायचा ते दिल्लीत ठरतं, उतरवणाऱ्याला कोण इचारतंय?" मी दांडीवरच्या धुण्याची राख झटकत ऐकायची. कोळसा लांबचा, वीज लांबच्यांना, आपल्या वाट्याला राख. तरी तुमचा जीव थर्मलवर. ते बंद पडलं तर शंभर घरांच्या चुली इझतील, म्हणायचात. तेही खोटं नव्हतं.

पण मागच्या दुष्काळातली ती बैठक मला अजून सलते. शेजारच्या शेतातले सखारामभाऊजी त्या दिवशी सिरसाळ्याच्या बाजारात गेलते. "सख्या माझ्या शब्दाबाहेर न्हाई," म्हणून त्यांच्या वाट्याचं पाणीही तुमी देऊन मोकळे झालात. कशापायी? सांजच्याला माणूस घरी येणारच होता. तुमाला कोळशाच्या कामावर इचारत न्हाईत म्हणून एवढा राग, आणि तुमी तरी कुठं इचारलंत? बंधाऱ्याची चावी, ती हातभर लोखंडी दांडी, साहेबांच्या जीपमध्ये तुमच्याच हातानं ठेवलीत.

पाणी गेलं, रिकाम्या बंधाऱ्याची चावी तेवढी परत आली. दीड महिन्यात थर्मलही बंद पडलं. भाऊजींची मोसंबी उभी वाळली, त्यांनी स्वतःच कुऱ्हाड लावली. तुमी जाल, दोन शब्द बोलाल, असं मला वाटलं होतं. तुमी तर त्यांच्या बांधावरनं जायची वाटच सोडलीत. थर्मल पुन्हा सुरू झालं तरी टेकडीला वळसा घालून कामावर जायचात. गुडघे दुखायला लागले तरी त्याच वाटेनं. मीही गप्प बसले. चुकलंच माझं.

काल चावी घेऊन मीच भाऊजींकडं गेले. "औंदा पाणी द्यावं का?" एवढंच इचारलं. ते चावी उलटीसुलटी करत बसले. मग म्हणले, "वहिनी, तवा त्यानं इचारलं असतं ना, तर मी हो म्हणलो असतो. त्याच्या कामाचा सवाल होता. झाडं काय, परत लावली असती. पण इचारायचं तरी."

ऐकताय ना? हो म्हणले असते ते.

रडू आलं, राग पण आला तुमचा. इतकी वर्षं कशासाठी चाललात त्या वळशानं?

लई थकले मी. थर्मल चालावं का न्हाई, कोळसा कुठनं आणावा, ते माझ्या हातात न्हाई. माझ्या हातात एक दार हाय. तुमाला शब्द देते, साहेब कितीही घाई करू देत, बैठकीला जो नसंल त्याच्या उंबऱ्यापर्यंत मी जाईन. सगळे हो म्हणले तर उघडीन. एकजण जरी राहिला इचारायचा, तर न्हाई.

चावी भाऊजींच्याच दारामागं ठेवून आले. येताना त्यांच्या बांधावरनं आले. दहा मिनिटांची वाट हाय हो.

तुमची,
कौसल्या